कामाच्या दिवशीची वीस मिनिटे

प्रश्न : मी नोकरी करतो आणि आठवड्यातून दोन दिवस सुट्टी असते. दोन वर्षांपूर्वी, मागे थोडी मोकळी जमीन असलेल्या घरात आम्ही राहायला आलो. तेव्हापासून सुट्टी बाहेर भटकण्यात न घालवता घर, स्वयंपाक आणि शेतीची लहानसहान कामे यांतच घालवायची असे मी ठरवले आहे. आदल्या रात्री यादी करतो, पण ती कधीच पुरी होत नाही. भाजीचे आठ वाफे केले. त्यांतले निम्मे वाळून जातात आणि उरलेल्यांतली भाजी जून होते. रंगवायला काढलेले कपाट चार महिने व्हरांड्यात उभे आहे. आठवडाभराचा स्वयंपाक एका दिवसात करून ठेवतो, पण शेवटचे दोन दिवस तो कोणी खात नाही. आता मला सहा कोंबड्या पाळायच्या आहेत, शिवाय जादा भाज्या उकडून बरण्यांत भरून ठेवायच्या आहेत. बायको म्हणते, ‘सुट्टीत तू घरात असतोस, पण आमच्यात नसतोस, आणि तुझ्या कामांचा पसारा मात्र मीच आवरायचा.’ कामावर परत जाताना मी आधीपेक्षा जास्त दमलेला असतो. ही खरेच सुट्टी आहे का? हे सगळे सोडून द्यावे का, की माझे वेळेचे नियोजन चुकते आहे?

उत्तर : सोडून देऊ नका. मात्र कोंबड्या इतक्यात आणू नका आणि उकडलेल्या भाज्या बरण्यांत भरण्याचा बेत आजच रद्द करा. दोन्हींची कारणे पुढे सांगते.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. वेळ पुरत नाही असे तुम्ही लिहिता, परंतु जे जे बिघडले म्हणून तुम्ही सांगितले आहे, त्यातले बहुतेक सुट्टीच्या दिवशी बिघडलेलेच नाही. वाफे वाळले ते तुम्ही नोकरीवर असताना, भाजी जून झाली ती तुम्ही नोकरीवर असताना, आणि शिजवलेले अन्न वाया गेले तेही आठवड्याच्या अखेरीस, तुम्ही घरी यायला उशीर होत असताना. सुट्टीचे दोन दिवस तासातासाने आखले तरी मधल्या पाच दिवसांत मातीला, रोपांना आणि डब्यांतल्या अन्नाला काय लागते, याचा हिशेब त्या आखणीत येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की या साऱ्या उद्योगांचा आकार सुट्टीच्या तासांवरून ठरवू नका. कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ मिळून जी वीस मिनिटे तुम्ही पाऊस असो, पाहुणे असोत, डोके दुखत असो, तरीही देऊ शकाल, त्या वीस मिनिटांवरून ठरवा. ती वीस मिनिटे पुरतील एवढीच शेती तुमची. त्यापलीकडची केवळ यादीत आहे.

ही सुट्टी आहे का, या प्रश्नाचे उत्तर आधी देते. कामाच्या ताणातून माणूस कशाने सावरतो याचा अभ्यास करणाऱ्या साबिने झोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात त्यांनी चार अनुभव वेगळे काढले आहेत : नोकरीचे विचार मनातून बाजूला पडणे, शरीर-मन सैलावणे, काही नवे हातोटीने जमू लागल्याचे समाधान, आणि आपला वेळ आपल्या मर्जीने वापरता येणे. आता तुमच्या सुट्टीकडे पाहा. माती खणताना नोकरीचा विचार मनात येत नसणार, आणि वाफ्यातून स्वतः काढलेली भाजी स्वतः शिजवण्यात हातोटीचे समाधानही भरपूर आहे. निसटते आहे ते शेवटचे : वेळ तुमच्या मर्जीने जात नसून यादीच्या मर्जीने जातो. आठवडाभर वरिष्ठांनी दिलेली कामे उरकणारा माणूस सुट्टीच्या आदल्या रात्री स्वतःच स्वतःचा वरिष्ठ होऊन बसतो, तोही असा की जो कधी समाधानी होत नाही. तुमचा थकवा अंगमेहनतीपेक्षा त्या यादीचा अधिक आहे, असे मला वाटते. अंगमेहनतीचा थकवा एका रात्रीच्या झोपेने बराच उतरतो. अपुऱ्या यादीचा मात्र उशाशी बसून राहतो.

यादी करायचीच असेल, तर तिच्यातले प्रत्येक काम कोणाच्या घड्याळावर चालते हे आधी पाहा. व्हरांड्यातले कपाट तुमच्या घड्याळावर चालते. ते आणखी चार महिने थांबले तरी त्याचे काही बिघडत नाही, बिघडते ते तुमच्या घरातल्या वातावरणाचे. कंपोस्टचा ढीग, भिजत घातलेले कडधान्य, पहिला हात दिलेला रंग ही कामे स्वतःच्या घड्याळावर चालतात. तुम्ही ती सुरू करून द्यायची आणि नेमक्या वेळी परत यायचे. रोपे आणि जनावरे यांना मात्र तुमची सुट्टी कधी असते हे ठाऊकच नसते. तुमच्या यादीत ही सगळी एकाखाली एक, सारख्याच अक्षरात लिहिलेली असतात आणि म्हणूनच ती कधी संपत नाही.

वाफ्यांविषयी सविस्तर लिहिते, कारण तुमचे सर्वांत जास्त नुकसान तिथे होते आहे. आठ वाफ्यांचे तीन करा. उरलेल्या पाचांवर पालापाचोळ्याचा जाड थर घालून ती माती झाकून ठेवा. पडीक दिसेल, पण तण कमी होईल आणि माती सुधारेल. बी साधारणपणे स्वतःच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरायचे असते, म्हणजे बारीक बी जवळजवळ पृष्ठभागावरच असते, आणि कडक उन्हात मातीचा तो वरचा पातळ थर काही तासांत सुकतो. बियाने एकदा पाणी शोषून मोड काढला आणि त्यानंतर ते वाळले, तर मागाहून कितीही पाणी घातले तरी ते उगवत नाही. तुम्ही सुट्टीच्या दुसऱ्या संध्याकाळी पेरणी करून सकाळी कामाला जात असाल, तर वाफे का वाळतात याचे दुसरे कारण शोधण्याची गरज नाही. त्याऐवजी, ज्या दारातून तुम्ही रोज बाहेर पडता त्या दाराशी, सावलीत, एका ट्रेमध्ये रोपे तयार करा. तिथे पाणी शिंपडायला दोन मिनिटे पुरतात आणि विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाही. रोपे चार-सहा पानांची झाली की सुट्टीच्या पहिल्या दिवशी ऊन उतरल्यावर ती वाफ्यात लावा, म्हणजे दुसरा दिवसभर त्यांच्याकडे तुमचे लक्ष राहील आणि जे रोप मान टाकेल त्याला लगेच सावली करता येईल.

काय लावायचे, हेही आठवड्यातून दोनच दिवस शेतात असणाऱ्या माणसाने वेगळ्या हिशेबाने ठरवावे. भेंडी, काकडी आणि कोवळ्या शेंगांच्या भाज्या दर दोन-तीन दिवसांनी तोडाव्या लागतात. पाच दिवस राहिल्या की निबर होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे झाडावर शेंगा पिकू लागल्या की झाडाचा जोर बियांकडे वळतो व नवी फुले कमी येतात. कांदा, लसूण, रताळी, गाजर, भोपळा यांना एक आठवडा मागेपुढे झालेला चालतो. तुमच्या तीन वाफ्यांपैकी दोन अशा थांबणाऱ्या भाज्यांना द्या, आणि तिसऱ्यात पालेभाजी लावा, जी कामाच्या दिवशी संध्याकाळी मूठभर खुडली की थेट कढईत जाते. भेंडी फारच प्रिय असेल तर दोन-चार झाडे लावा, वाफा भरून लावू नका.

पाण्यासाठी ठिबक बसवा आणि त्याला टाइमर जोडा. सुट्टीतला एक पूर्ण दिवस ज्यावर खर्च करावा असे हे काम आहे. तासाला ४ लिटर पाणी सोडणारा ड्रिपर अर्धा तास चालला की रोपाला २ लिटर पाणी मिळते, म्हणजे किती मिनिटे चालवायचे हा अंदाजाचा विषय न राहता साधा गुणाकार होतो. रोपांभोवती ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घाला, मात्र खोडाला ते टेकू देऊ नका, नाहीतर ओलाव्याने खोड कुजते. तरीही यंत्रावर सगळे सोपवून उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत. ड्रिपरची छिद्रे गाळाने बुजतात, टाइमरचे सेल संपतात. म्हणून रोज एकदा आच्छादन बाजूला सारून मातीत बोट घालून पाहा आणि दर सुट्टीला गाळणी धुऊन नळीचे टोक उघडा, साचलेला गाळ वाहून जाऊ द्या.

सुट्टीच्या माणसासाठीच जणू नेमलेले एक काम शेतीत आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही, ते म्हणजे कंपोस्ट. हिरवा ओला कचरा एक भाग आणि सुका पाला दोन-तीन भाग असा साधारण एक मीटर लांब, रुंद आणि उंच ढीग रचला, तर आतल्या सूक्ष्मजीवांच्या कामाने त्याचे तापमान काही दिवसांत ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. तुम्ही नोकरीवर असता तेव्हा ते काम करत असतात, आणि आठवड्यातून एकदा ढीग वरखाली करणे एवढेच तुमच्याकडे उरते. आतला मूठभर माल हातात घेऊन दाबा : तो पिळून काढलेल्या फडक्याइतका ओला हवा, बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. आंबूस, कुजका वास आला तर सुका पाला घालून ढीग हलवा. ढीग थंड आणि कोरडा असला तर ओला कचरा आणि पाणी घाला. तुमच्या झाकून ठेवलेल्या पाच वाफ्यांना पुढे लागणारे खत यातूनच मिळेल.

स्वयंपाकाकडे वळते. आठवड्याचा सगळा स्वयंपाक एका दिवसात करून ठेवण्याची कल्पना मला कधीच पटलेली नाही. पाचव्या दिवशी तेच ते ताटात आल्यावर घरातल्यांनी तोंड फिरवले तर त्यांचा दोष नाही, आणि त्या दिवशी ते न खाणे एका अर्थी शहाणपणाचेही आहे, कारण शिजवलेले अन्न फ्रीजमध्ये साधारण तीन-चार दिवसच ठेवावे. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेले पाहिजे. त्यासाठी मोठे पातेले तसेच न ठेवता उथळ डब्यांत वाटून ठेवा, म्हणजे ते लवकर गार होते. फ्रीजचे तापमान ५ अंशांच्या खाली असावे, आणि त्याहून जास्त दिवस ठेवायचे ते पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये टाकावे. मी सुचवेन ते असे, की पदार्थ पूर्ण करू नका, पदार्थांची तयारी करा. निवडून, धुऊन, कोरडी करून ठेवलेली पालेभाजी, उकडलेली कडधान्ये, परतलेला कांदा, भाजून ठेवलेली पिठे हे हाताशी असले की कामाच्या दिवशी संध्याकाळी त्याच वीस मिनिटांत ताजे जेवण होते आणि रोज ते निराळे करता येते.

कडधान्यांबाबत एक गोष्ट मात्र हयगय न करता पाळा. राजम्यात एक नैसर्गिक विषारी द्रव्य असते. दाणे किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळले की ते नष्ट होते, पण मंद आचेवर तासन्‌तास शिजवल्याने त्याची खात्री देता येत नाही. भिजवण्याचे काम आदल्या रात्री झोपताना करायचे असते, सुट्टीच्या सकाळी नाही.

आता बरण्या. भाज्या उकडून हवाबंद बरणीत भरणे हे आंबट फळांच्या मुरंब्यासारखे निर्धोक नाही. बहुतेक भाज्यांत आम्लता कमी असते आणि अशा हवाबंद, कमी आम्लाच्या जागी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू वाढून जिवावर बेतणारे विष तयार करू शकतो. त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंश तापमान ठरावीक काळ राखावे लागते. त्या अन्नाला वास येईलच किंवा चव बदलेलच असेही नाही. त्यासाठी लागणारे खास उपकरण आणि प्रत्येक भाजीसाठी तपासून ठरवलेला वेळ हाताशी नसेल, तर हा प्रयोग घरात नको. जादा भाजी फ्रीजरमध्ये ठेवा, किंवा मिठाने आंबवा : एक किलो भाजीला २० ते २५ ग्रॅम मीठ वजन करून घ्या, भाजी स्वतःच्या पाण्याखाली बुडालेली राहील अशी दाबून ठेवा आणि झाकण घट्ट आवळू नका. हे कामही तुमच्यावाचून, आठवडाभर आपले आपण चालते.

कपाटासाठी मी तुम्हाला दोष देणार नाही. काम किती वेळात होईल याचा अंदाज चुकणे हा माणसाचा स्वभावच आहे. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कधी संपेल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, सगळे वाईटात वाईट घडले तर सुमारे ४९ दिवस असे ते म्हणाले, आणि प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. तेव्हा कपाटाला एक दिवस लागेल असे वाटत असेल तर दोन धरा, आणि ते दोन्ही दिवस दुसरे काहीही उघडू नका. घासकागद, ब्रश, बिजागऱ्यांचे स्क्रू हे सगळे आधीच्या एखाद्या संध्याकाळी आणून ठेवा, कारण सुट्टीची सकाळ बहुधा दुकानाच्या फेरीतच संपते. घरात एका वेळी एकच अर्धवट काम असावे. तुमच्याकडे आता एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था आहे. लाकडाला जवसाचे तेल लावणार असाल तर तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याच्या घटना घडतात. चिंध्या बाहेर, एकेक पसरून वाळवा.

काम संपले असे केव्हा म्हणायचे, हे तुमच्या घरात ठरलेले दिसत नाही. तुमच्या लेखी पदार्थ झाला की स्वयंपाक संपतो आणि रोपे लागली की शेती संपते. तुमच्या पत्नीच्या लेखी ओटा पुसून, भांडी धुऊन, चिखलाची पावले फरशीवरून निघाल्यावर ते संपते. तिचे म्हणणे बरोबर आहे. यापुढे प्रत्येक कामाच्या वेळेत आवराआवर धरूनच काम निवडा. खुरपे धुऊन, पुसून जागेवर ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्याला धार लावा : पाते घट्ट पकडून कानस पुढे ढकलताना दाब द्या, मागे आणताना ती उचलून घ्या, आणि पात्याच्या दुसऱ्या बाजूने अंगठा आडवा फिरवून पाहा, तिथे बारीक खरखर लागली की धार आली, मग त्या बाजूने कानस एकदा हलकेच फिरवून ती खरखर काढून टाका. दहा मिनिटांच्या या कामाने पुढचे तण काढणे निम्म्या कष्टात होते.

पत्नीविषयी आणखी एक. सगळ्या पत्रात तुम्ही काय ठरवले, काय लावले, काय शिजवले हे आहे. त्या दोन दिवसांत तिला काय करायला आवडेल, हे कुठेही नाही. शेतीत तिला रस नसेलही, आणि तो तिचा हक्क आहे. सुट्टीच्या दोन दिवसांतला एक अर्धा दिवस तिच्या हाती सोपवा, त्यात काय करायचे ते तिने ठरवावे, काहीच न करणेही त्यात आले. आणि ‘तेवढ्यात जरा पाणी देऊन येतो’ हे वाक्य त्या अर्ध्या दिवसात उच्चारू नका.

आणि कोंबड्या. सहा कोंबड्यांना दिवसाला मिळून ६०० ते ७०० ग्रॅम खाद्य आणि साधारण दीड लिटर पाणी लागते, उन्हाच्या दिवसांत पाणी दुप्पटही लागते, आणि ते संपून गेले तर कडक उन्हात काही तासांतच जिवाशी गाठ पडते. पिल्ले आणलीत तर अंड्यांसाठी साडेचार-पाच महिने थांबावे लागेल. पुढेही एक अंडे तयार व्हायला एका दिवसाहून थोडा जास्त वेळ लागत असल्याने प्रत्येक कोंबडी रोज अंडे देत नाही, आणि दिवस लहान झाले की त्यांचे प्रमाण घटते. हे सगळे सुसह्य आहे. कठीण आहे ते सकाळी खुराडे उघडणे आणि अंधार पडताच ते न चुकता बंद करणे, कारण एका रात्री दार उघडे राहिले तर दुसऱ्या दिवशी मोजायला कोंबड्याच उरत नाहीत. हे काम घरातले दुसरे कोणी करील असे तुम्ही मनाशी धरले असेल, तर आधी त्या व्यक्तीला विचारा, आणि होकार अनिच्छेने आला तर तो नकार समजा.

म्हणून असे करा : कपाट संपल्यानंतरच्या सुट्टीत खुराडे बांधा, आणि ते रिकामेच ठेवून महिनाभर रोज सकाळी त्याचे दार उघडायला व अंधार पडताना लावायला जा, पाण्याचे भांडेही धुऊन भरा. शेजारी हसतील, हसू द्या. महिन्यानंतरही कोंबड्या हव्याशा वाटल्या तर मला पुन्हा लिहा. मात्र किती दिवस दार वेळेवर उघडले गेले, तो भाग तुमच्या पत्नीने लिहावा.